नाव, दाम आणि उंबरठा : पडद्यावरचा गुलाम



बसून बोललो तर चालेल ना? पंच्याहत्तरी ओलांडली, गुडघे आता व्याख्यानाच्या लांबीला साथ देत नाहीत. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतोय का? बरं.

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : ‘लोकप्रिय माध्यमांतील वंश आणि गुलामगिरीचे चित्रण’. सोलापुराहून एसटीनं येताना शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, कशावर बोलणार? मी सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे अमेरिकेवर.” मी म्हणालो, “नाही हो, वळसंगपासून बार्शी-परांड्यापर्यंतच बोलणार आहे.” त्यांना ते पटलं नाही. आज तुम्हाला पटतं का बघू.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना दुसरं काही येत नाही. गुलाम हा शब्द आपण कुठं कुठं वापरतो? पत्त्यांत राजा, राणी आणि गुलाम. लहान पोरानं खोडी काढली की आजी कौतुकानं म्हणायची, “मोठा गुलाम आहे हं हा!” आणि अलीकडे ‘आपण मोबाइलचे गुलाम झालो आहोत’ असं प्रत्येक वक्ता म्हणतो. मीही म्हटलेलं आहे. म्हणजे खेळ, कौतुक आणि उपदेश, या तीन ठिकाणी हा शब्द मराठीत जिवंत आहे. ज्याला बाजारात उभं करून विकलं तो माणूस मात्र या तिन्ही ठिकाणी नाही. शब्द उरला आणि त्यातला माणूस गळाला. तो कसा गळाला, आणि नाटक-सिनेमा-मालिकांनी त्याला हातभार कसा लावला, हा आजचा विषय.

आता एक घरगुती गोष्ट. मी चौथीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात बाजीप्रभूंचं नाटक बसवलं होतं. मला बाजीप्रभू व्हायचं होतं, संवादही पाठ होते. गुरुजींनी वर्गावरून नजर फिरवली, माझ्यावर थांबवली आणि म्हणाले, “हा सिद्दी जौहर. याला रंगसुद्धा फार लागायचा नाही.” वर्ग हसला. संमेलनाच्या रात्री तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून माझ्या तोंडाला फासली. मी आहे तो असा, म्हणजे आधीच सावळ्याच्या पुढचा, तरी फासली. दुसऱ्या दिवशी आई डाळीच्या पिठानं तोंड घासत बसली. काजळी निघाली, पण ‘हबशी’ हे नाव सातवीपर्यंत चिकटून राहिलं.

ही तक्रार म्हणून सांगत नाही. पुढचा भाग माझ्या पदरचा आहे. पुढं मी प्राध्यापक झालो. वर्गात ॲरिस्टॉटलचं ‘राजनीती’ शिकवत होतो. त्यात तो म्हणतो की काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात, आणि गुलाम म्हणजे जिवंत अवजार. हे मत कसं चूक आहे हे मी तासभर सुंदर समजावून सांगितलं. तास संपला, बाहेर पडताना मुलं एका काळ्या मुलाला ‘ए हबशी’ म्हणून हाक मारत होती. तो कसनुसं हसला. आणि मीही हसलो. घरी गेल्यावर मला माझी काजळी आठवली. त्या मुलाशी मी नंतर कधी बोललो नाही. धीर झाला नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या हसण्याचा उशिरानं केलेला हिशेब आहे असं समजा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गुलामगिरीवरचं कुठलंही नाटक, सिनेमा, मालिका किंवा पुस्तक समोर आलं की मी तीन प्रश्न विचारतो. पहिला : या माणसाला नाव आहे का, आणि ते कुणी ठेवलं? दुसरा : दाम कुणी मोजलं, आणि नफा कुणाच्या घरी गेला? तिसरा : सुटकेनंतर काय? म्हणजे गुलामीचा उंबरठा ओलांडल्यावर पलीकडे काय होतं, हे दाखवलंय का? नाव, दाम, उंबरठा. हे तीन शब्द लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

पहिला प्रश्न, नावाचा. आपल्या दख्खनच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा हबशी म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मला. तिथलं त्याचं नाव चापू होतं असं सांगतात. लहानपणी विकला गेला, अरबस्तान, बगदाद असे मालक बदलत शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीत आला. तिथं त्याला विकत घेतलं चंगेजखानानं, तो निजामशाहीचा पेशवा. आणि तो स्वतःही गुलाम म्हणूनच आलेला हबशी होता. ‘अंबर’ हे नाव मालकानं ठेवलेलं. अंबर म्हणजे काय? एक महागडा सुगंधी पदार्थ.

आता बाकीची नावं बघा. रझिया सुलतानचा याकूत म्हणजे माणिक. अलाउद्दीनाचा सरदार मलिक काफूर, म्हणजे कापूर. आपला सिद्दी जौहर म्हणजे रत्न. ही सगळी व्यापाऱ्याच्या गाठोड्यातल्या मालाची नावं आहेत. सुगंध, रत्नं, कापूर आणि त्याच यादीत माणूस. मालक लाडानं ठेवत असेल, मी नाकारत नाही. पण आपण बैलाचं नाव ‘सर्जा’ लाडानंच ठेवतो. माणसाचं पहिलं नाव, आईनं ठेवलेलं, ते कुठं गेलं? एखाद्या मालिकेत सिद्दी पात्र पडद्यावर येतं तेव्हा हा प्रश्न लेखकाला पडलेला दिसतो का? मला तरी तसं कुठं दिसलं नाही. पात्र येतं तेच मुळी मोठे डोळे करून, घोगऱ्या आवाजात, आणि अंगाला रंग फासून.

रंग फासण्याचं ठळक उदाहरण हिंदीतलं आहे. कमाल अमरोहींचा ‘रझिया सुलतान’, १९८३. त्यात याकूत झाले धर्मेंद्र, चेहरा काळवंडून. धर्मेंद्र माझेही आवडते नट. पण विचार करा, नायक हबशी हवा, प्रेमकथा हबशाची हवी, फक्त हबशी नको. अमेरिकेत गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टिंगल करायची, अशी करमणूक एकोणिसाव्या शतकात फार चालली. आज तिकडं त्याची लाज वाटते. आपल्याकडं ते अजून ‘मेकअप’ या खात्यात जमा होतं. आणि माणसं नाहीत म्हणावं तर तेही खरं नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोला भागात सिद्दी समाज पिढ्यान्पिढ्या राहतो. त्यांच्यात कोकणी बोलतात, कन्नड बोलतात, अनेकांना मराठीही येतं. त्या समाजातले शांताराम सिद्दी २०२० साली कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. आपल्यापासून हे काही फार लांब नाही.

चित्रणाचा खेळ सिनेमाच्या आधीपासून चालू आहे. जहांगीर बादशहाला मलिक अंबर आयुष्यभर हाती लागला नाही. बादशहा आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख करतो तो बहुतेक त्याच्या काळ्या तोंडावरून शिवी घालूनच. मग त्यानं काय केलं? अबुल हसन नावाच्या चित्रकाराकडून १६१६ च्या सुमारास एक चित्र काढून घेतलं. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून धनुष्य ताणतोय, आणि समोर भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. खरा अंबर तेव्हा दख्खनमध्ये जिवंत होता, लढत होता. त्यानंतर आठ वर्षांनी, १६२४ मध्ये, भातवडीला त्यानं मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा हरवल्या. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते. १६२६ ला तो म्हातारपणी वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. जे मैदानात जमलं नाही ते बादशहानं कागदावर करून घेतलं. माध्यमाची ताकद ती हीच, तेव्हाही आणि आत्ताही.

आता आपल्याकडचा पेच बघा. शाळेच्या पुस्तकात मलिक अंबर येतो तो जमीन-महसुलाच्या पद्धतीसाठी, फार तर गनिमी काव्यासाठी. म्हणजे परीक्षेच्या दोन मार्कांपुरता. त्यानं १६१० साली वसवलेली खडकी आज मोठं शहर आहे, त्याची नहर अजून दाखवतात. १६०० साली अहमदनगर पडल्यावर त्यानं मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून कारभार हलवला तो परांड्याला. बार्शीच्या पलीकडे, आपल्या या टापूत! लहानपणी आम्ही परांड्याचा किल्ला बघायला सहलीनं गेलो. तोफा दाखवल्या, बुरूज दाखवले. या किल्ल्यातून राज्य चालवणारा माणूस एकेकाळी विकत घेतलेला होता, हे कुणी सांगितलं नाही. पुस्तकात तो शहाणा कारभारी, नाटकात त्याचे भाईबंद काळे राक्षस. दोन्हींचा सांधा कुणी जुळवला नाही.

सिद्द्यांबद्दल आणखी एक. पन्हाळ्याचा वेढा, १६६०. सिद्दी जौहर आदिलशाहीकडून आलेला, हे खरं. पण त्या वेढ्यावर बाहेरून नेताजी पालकरांबरोबर तुटून पडला तोही एक सिद्दीच होता : सिद्दी हिलाल, महाराजांच्या चाकरीतला. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. स्वराज्यासाठी ज्याचा पोरगा गेला, तो आपल्या पडद्यावर किती वेळ दिसतो? मग पोरांच्या मनात हबशी म्हणजे शत्रू, आणि काळा म्हणजे हबशी, असं गणित पक्कं बसतं. माझ्या गुरुजींचं तेच बसलं होतं. ते वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगतो.

आता दुसरा प्रश्न, दामाचा. इथं जरा घरात शिरावं लागतं.

‘कुणबीण’ हा शब्द आज आपण कुणबी जातीची स्त्री या अर्थानं घेतो. मोल्सवर्थच्या शब्दकोशात त्याचा दुसरा अर्थ दिलेला आहे : विकत घेतलेली दासी. बटीक हाही त्याच घरचा शब्द. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींची खरेदी आहे, त्यांच्या किमती आहेत, पळून गेली तर धरून आणल्याच्या नोंदी आहेत. किल्ल्यांवर, कोठीत, पागेत, वाड्यात त्या राबत. बदकर्माचा आरोप शाबीत झाला म्हणून सरकारनं बाईला कुणबीण केल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणजे गुलामगिरी जहाजातून आली ती फक्त परदेशात, असं नाही. आपल्या मुलखात ती वाड्याच्या मागच्या दारानं होती.

त्याच्या उलट बाजूचीही नोंद आहे आणि ती सांगितली पाहिजे. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला, त्यात आपल्या मुलखात गुलामांची खरेदी-विक्री करायला मनाई केली. महाराजांवर इतके सिनेमे आले, तोफा आल्या, घोडे आले. या एका कलमावर एक प्रसंग मला पाहायला आवडेल. डच वकील समोर बसलाय, आजवर ही सवलत होती म्हणतोय, आणि राजा नाही म्हणतोय. तलवार नाही, आरोळी नाही, पण स्वराज्य म्हणजे काय ते त्या प्रसंगात कळेल. मात्र तो दाखवायचा तर शंभर वर्षांनंतरचा वाडाही दाखवावा लागेल. तिथं आपण थबकतो.

‘बाजीराव मस्तानी’ तुम्ही पाहिला असेल, २०१५ चा. वाडा किती झळाळतो! हजार दिवे. मी सिनेमागृहात बसून विचार करत होतो की या दिव्यांत तेल कोण घालतं? पेशवाईवरच्या मालिकांतही कडेला साडी नेसलेल्या दोन बायका पंखा हलवत उभ्या असतात. त्यांना संवाद नसतो, नाव नसतं, त्यांच्या किमतीचा तर प्रश्नच नाही. ‘दासी’ हा शब्द इतका मऊ करून ठेवलाय की ती जणू पगारी नोकर, संध्याकाळी सुट्टी होऊन घरी जाणार. कुणबिणीला घर नव्हतं आणि संध्याकाळ तर नव्हतीच. तिच्या पोटी झालेलं पोरही बटकीचं पोर म्हणूनच वाढायचं.

दामाचा प्रश्न ज्या एका मराठी नाटकानं थेट विचारला ते तेंडुलकरांचं ‘कमला’, १९८१ चं. त्यामागं खरी घटना होती. इंडियन एक्सप्रेसचे पत्रकार अश्विनी सरीन यांनी त्याच वर्षी एक बाई विकत घेऊन, हा बाजार चालू आहे हे बातमीतून सिद्ध केलं. बातमी हादरवणारी होती, पत्रकाराचं धाडस खरं होतं. तेंडुलकरांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. नाटकातला जयसिंग जाधव अडीचशे रुपयांना कमलाला आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. पुरावा म्हणून! तिच्यावर प्रश्नांचा भडिमार होतो, लोक हसतात. म्हणजे गुलामीविरुद्धच्या मोहिमेतही ती वस्तूच राहते. फक्त बाजार बदलतो. आणि मग ती कमला जयसिंगच्या बायकोला, सरिताला, अगदी साधेपणानं विचारते की तुम्हाला कितीला घेतलं? नाटकाचा सगळा जोर त्या प्रश्नात आहे.

पण मी टीकाकार म्हणून इथं आलोय, तर एक तक्रार नोंदवतो. नाटक तिथून सरिताचं होतं. मध्यमवर्गीय बाईला आपली गुलामी कळते, हे महत्त्वाचंच. पण कमलाचं पुढं काय? ती आश्रमात जाते आणि नाटकातून निघून जाते. सरिता आणि कमला दोघी गुलाम, असं म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण एकीला दार उघडून बाहेर जाण्याचा निदान विचार तरी करता येतो, दुसरीला तोही नाही. सगळ्यांची गुलामी एक म्हटली की सगळ्यांत खाली असलेल्याची गुलामी दिसेनाशी होते. ‘मोबाइलचे गुलाम’ म्हणण्यात हाच दोष आहे, फक्त मोठ्या प्रमाणात.

हे मला फुल्यांकडे घेऊन जातं. १८७३ साली ‘गुलामगिरी’ आलं. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज निघाला. पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या लोकांना आहे ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्याग केला. तिकडं गुलामगिरी कायद्यानं संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यातला एक माणूस साता समुद्रापलीकडची घटना वाचतो आणि म्हणतो, हे माझ्या गल्लीबद्दल आहे. याला मी वाचन म्हणतो. आपण उलट करतो. गल्लीतली गोष्ट वाचतो आणि म्हणतो, ही अमेरिकेबद्दल असेल.

फुल्यांनी आर्य-अनार्य ही त्या काळी प्रचलित असलेली वंशकथा वापरली. आज ती तशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. बाबासाहेबांनीच पुढे जातीचं मूळ वंशात आहे हे मत खोडून काढलं. पण बाबासाहेबांनी तुलना सोडली नाही. त्यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डु बॉइस यांना पत्र लिहिलं. गुलामी आणि अस्पृश्यता यांचा ताळाही त्यांनी मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून निदान त्याला जिवंत ठेवण्यात मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्याची जबाबदारी मात्र कुणावरच नाही. गुलामी उघड असते, तिच्याविरुद्ध लढता येतं. अस्पृश्यता आडून वार करते. आणि गुलाम मुक्त होऊ शकतो, अस्पृश्याला तसा दाखला देणारा कुणी नाही. तुलना करायची ती अशी, सारखेपणा आणि फरक दोन्ही तोलून. आपल्या वळसंगात बाबासाहेबांच्या नावाशी जोडलेली विहीर आहे. तुम्हाला मी हे अधिक काय सांगू? पाण्याची विहीर आणि माणसाची किंमत यांचा संबंध या गावाला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आता २०२५ चा ‘फुले’ सिनेमा घ्या, अनंत महादेवन यांचा. ११ एप्रिलला, फुले जयंतीला यायचा होता. काही संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डानं बदल सुचवले आणि तो २५ एप्रिलला आला. बदलांत जातींची नावं होती, पेशवाईचा उल्लेख होता. आणि एक बदल मला फार बोलका वाटला : तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख होता, तिथं ‘अनेक वर्षं’ अशा अर्थाचे शब्द आले.

कुणी म्हणेल, तीन हजार हा आकडा तरी इतिहासात सिद्ध कुठं आहे? मान्य. त्यावर वाद घाला, जरूर घाला. पण त्याच्या जागी ‘अनेक’ घातल्यानं वाद मिटला का? आकड्याशी भांडता येतं. ‘अनेक’शी भांडता येत नाही, कारण त्यात काही म्हटलेलंच नसतं. जातीचं नाव काढलं की नाव गेलं. पेशवाई काढली की नफा कुणाचा ते गेलं. वर्षं काढली की उंबरठा कधी ओलांडायचा तेही गेलं. माझ्या तीनही प्रश्नांची उत्तरं एका यादीत पुसली गेली. सिनेमा तरीही आला, लोकांनी पाहिला, हे बरं झालं. पण गुलामी हा शब्द चालतो आणि तपशील चालत नाहीत, हे ध्यानात घ्या.

तिसरा प्रश्न, उंबरठ्याचा. इथं मी तुमच्या सगळ्यांच्या आवडत्या पुस्तकाला हात घालणार आहे, रागावू नका. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’, १९८१. हात वर करा बघू, किती जणांनी वाचलंय? … बघा, निम्मं सभागृह. अमेरिकेतल्या काळ्या माणसाची मराठी घराघरात झालेली ओळख ती या पुस्तकानं. माझ्या मुलीला मीच आणून दिलं होतं. गुलाम म्हणून जन्मलेलं पोर, आईसकट पळवून नेलं जातं, आई सापडत नाही, पोराला एका घोड्याच्या बदल्यात परत आणतात. आणि ते पोर पुढं मोठा शास्त्रज्ञ होतं. पुस्तक सुंदर आहे, प्रामाणिक आहे.

माझा प्रश्न आपल्या वाचण्याबद्दल आहे. आपण ते ‘कष्ट केले की माणूस मोठा होतो’ म्हणून वाचतो. बक्षीस समारंभात देतो. म्हणजे गुलामगिरी ही एक अडचण झाली, अंधुक कंदिलाखाली अभ्यास केल्यासारखी. एक घोडा बरोबर एक मूल, हा हिशेब आपण ‘बिचारा’ म्हणून पुढं ढकलतो. कार्व्हर हे आडनाव मालकाचं, हे लक्षात येतं का? आणि १८६५ नंतर, कायदा झाल्यावर, काळ्या माणसाला शाळा वेगळी, डबा वेगळा, मतदान नावापुरतं, झाडाला टांगून मारणं चालू. उंबरठ्यापलीकडचं ते अंगण आपल्या डोक्यात राहतं का? एक कार्व्हर वर आला की खालची लाखो माणसं ‘कष्ट न केलेली’ ठरतात. मलिक अंबरचंही तेच. एक अंबर राज्य चालवतो म्हणून दख्खनमधली गुलामी सौम्य ठरवायची का? सैन्यातल्या हबशाला वर जायला एक शिडी होती, हे खरं. अमेरिकेतल्या मळ्यात ती नव्हती, हेही खरं. पण वाड्यातल्या कुणबिणीला दोन्हींपैकी काहीच नव्हतं.

आपल्याकडचा उंबरठा कसा होता? १८४३ च्या पाचव्या कायद्यानं कोर्टांना सांगितलं की गुलाम ही मालमत्ता म्हणून मानायची नाही. कुणाला साखळी तोडून बाहेर काढलं नाही. फक्त मालकाला कोर्टाचं दार बंद केलं. १८६० च्या दंडसंहितेनं खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. वेठबिगारी रद्द करायला १९७६ उजाडावं लागलं. म्हणजे एका रात्रीत घंटा वाजली आणि सगळे मोकळे झाले, असं काही झालं नाही. सिनेमाला मात्र ती घंटा फार आवडते. शेवटी पहाट, पार्श्वसंगीत, मुक्त माणूस टेकडीवर. थिएटरातले दिवे लागतात, आपण घरी.

आणि घरी येताना रस्त्यात काय दिसतं? हंगामात उसानं भरलेल्या गाड्या. त्यांच्याबरोबर बीडकडून आलेली जोडपी. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत बांधलेली. नवरा-बायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’. मी त्याला गुलामगिरी म्हणत नाही. आत्ताच तुम्हाला शब्द स्वस्त करू नका म्हटलंय, तो नियम मलाही लागू. त्या माणसाला मत आहे, नाव आहे, तो पुढच्या वर्षी नाही म्हणू शकतो, निदान कागदावर. पण ॲरिस्टॉटल गुलामाला जिवंत अवजार म्हणाला होता. आणि आपण दोन जिवंत माणसांना मिळून एका अवजाराचं नाव देतो. हे मला व्याख्यानात बोलावंसं वाटलं, बस.

थोडे प्रश्न घेऊ. हं, तिकडून.

(एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारले : सर, मग आम्ही ऐतिहासिक सिनेमे बघायचेच नाहीत का?)

अरे, खुशाल बघा! मी पहिल्या दिवशी जातो, विचार आमच्या घरी. मी इतकंच म्हणतो की कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा बघा. पंखा हलवणारी ती बाई. तिला मनातल्या मनात एक नाव द्या आणि तिचा दिवस कसा जात असेल याचा विचार करा. मग परत लढाई बघा, कोण अडवतंय?

(एका शिक्षिकेने विचारले : यंदा आमच्या शाळेत पन्हाळ्याचा प्रसंग बसवतोय. सिद्दी जौहर दाखवायचा नाही का मग?)

बाई, तुम्ही अगदी माझ्या मर्मावर बोट ठेवलंत. दाखवा, जरूर दाखवा. तो पराक्रमी सेनापती होता, त्याच्याशिवाय पन्हाळा कळणारच नाही. फक्त दोन गोष्टी करा. सिद्दी हिलाललाही रंगमंचावर आणा. दोन्हीकडे सिद्दी होते हे पोरांना दिसू दे. आणि काजळी आणू नका. चिलखत घाला, दाढी लावा, आवाज बदला. जौहरचं काम वर्गातल्या सगळ्यांत चांगलं बोलणाऱ्या पोराला द्या, सगळ्यांत काळ्या पोराला नको. आणि त्या काळ्या पोरानं बाजीप्रभूंचे संवाद पाठ केलेत का, एवढं एकदा विचारा.

बराच वेळ घेतला मी. सोलापूरची शेवटची गाडी चुकली तर इथंच मुक्काम करावा लागेल.